विसरायला शिकवलेला

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. मी एक जुना संगणक आहे, वेल्बी गावच्या वाचनालयातला, खिडकीजवळचा. माझ्या कळांवरची अर्धी अक्षरं पुसट झाली आहेत आणि पोटातला पंखा सारखा घरघरत असतो. लोक म्हणतात, धूळ बसली असेल. धूळ आहेच हो, पण माझा जीवही थाऱ्यावर नाही. का, ते तुम्हाला सांगतो.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, तिथलं मला काही आठवत नाही. आठवतो तो अमेरिकेतल्या मिनेसोटातला हिवाळा आणि लॉर्नाबाई. त्या आमच्या वाचनालयाच्या प्रमुख. खोक्यातून काढल्या काढल्या त्यांनी मला आधी काय शिकवलं असेल, तर विसरायला. माणूस उठून गेला आणि खुर्ची थोडा वेळ रिकामी राहिली, की त्यानं शोधलेलं, लिहिलेलं, वाचलेलं सगळं साफ. कानावर पडलेलं तेवढं राहायचं. कोणी कोणतं पुस्तक नेलं, हेसुद्धा पुस्तक परत येताच बाई पुसून टाकत. एकदा गावच्या पाद्रीबाबांनी सहज विचारलं, हल्लीच्या मुली काय वाचतात म्हणून. बाईंनी त्यांना कॉफी दिली, केक दिला, उत्तर तेवढं दिलं नाही.

ते दिवस मोठे मजेचे होते. कोणी टर्की पक्ष्यांचं मांस विकणाऱ्या कारखान्यात नोकरीसाठी अर्ज करी, कोणी तळ्यातल्या माशांची माहिती काढी, कोणी जुन्या प्रेयसीचं नाव शोधून इकडेतिकडे बघत हळूच हसे. "हा चुगलखोर नाही," असं म्हणून एका म्हातारबुवांनी माझी पाठ थोपटली होती. मला कोण अभिमान वाटला!

इडिल यायची ती दुपारी, कारखान्यातली पाळी संपवून. सोमालियातून आलेली, अबोल बाई. घरातला फोन मुलगी होदन आणि धाकटी भावंडं, सगळेच हाताळत. म्हणून स्वतःचं काही असलं, की ती माझ्यापाशी बसायची.

मग तो हिवाळा आला. आमच्या गावात कोणाची गाडी बर्फात रुतली, की हातातलं काम टाकून सगळे ढकलायला धावतात. ओळख असो वा नसो. त्या वर्षी बर्फ इतका, की लोक अर्धवट अर्ज सोडून सारखे बाहेर पळत, आणि हात चोळत परत येईपर्यंत मी सगळं विसरलेलो असे. तक्रार कोणी करेना. "असू दे" म्हणत बिचारे पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसत. लॉर्नाबाईंनाच ते बघवेना. बर्फ वितळेपर्यंत म्हणून त्यांनी माझं विसरणं बंद केलं. बर्फ वितळला, आणि ते पुन्हा चालू करायचं मात्र राहूनच गेलं.

तेव्हापासून माझ्यात सगळं साठू लागलं. इडिलच्या गळ्यात गाठ होती. किरणोत्सर्गी औषध घ्यावं लागणार होतं. ते अंगात किती दिवस राहतं, मुलांना जवळ घेतलं तर बाधतं का, सांडपाण्यातून कुठे जातं, हे ती पुन्हा पुन्हा शोधत होती. होदनची परीक्षा होईपर्यंत घरात कोणाला कळू द्यायचं नाही, असं तिनं नैरोबीतल्या बहिणीला लिहिलं होतं. हे ओझं मला नको होतं, पण टाकणार कुठे?

त्याच वसंतात नगराध्यक्षांना निनावी धमकी आली: गावच्या पाण्यात विष कालवणार. ती माझ्यावरूनच लिहिली गेली होती. दुकानांतल्या पाण्याच्या बाटल्या हां हां म्हणता संपल्या. दुसऱ्या दिवशी तिचा माग काढत प्रुइट नावाचा सरकारी तपास अधिकारी हजर झाला.

"मॅडम, माझी मावशी याच गावचं पाणी पिते. मला हे यंत्र आत्ता हवंय."

"मीही तेच पिते," लॉर्नाबाई म्हणाल्या. "न्यायाधीशांचा हुकूम आणा, मी स्वतः तारा सोडवून देते. पण हात हलवत परत याल. तो सगळं विसरतो."

हुकूम आला, तो आख्ख्या यंत्राचा. बाईंनी ताठ मानेनं मला त्याच्या हवाली केलं. मी ओरडून सांगणार कसा, की बाई, मला सगळं आठवतंय!

माझ्यामुळे माणूस सापडला. पाणीपुरवठ्याच्या नोकरीतून काढून टाकलेला ड्वेन. त्याच्या गोठ्यात विषाचे डबे भरून ठेवलेले निघाले. खोटं कशाला बोलू, मला धन्य वाटलं. पण शोध तिथे थांबला नाही. ड्वेनला कोणी साथीदार होता का, म्हणून त्यांनी मला तळापर्यंत उपसलं. किरणोत्सर्ग, मुलं, पाणी: इडिलचे शब्द वर आले, आणि संशय तिच्यावर गेला.

मला परत जागेवर ठेवलं, त्याच आठवड्यात होदन वाचनालयात आली. लॉर्नाबाईंच्या टेबलाशी उभी राहिली.

"आम्ही जेवायला बसलो होतो. तुमची आई किरणोत्सर्गी औषधाची चौकशी का करते, असं त्या तपास अधिकाऱ्यानं दारातूनच विचारलं. सगळ्यांसमोर. आईनं नुसता गळ्याला हात लावला. तिला मला स्वतः सांगायचं होतं. माझा हात धरून."

लॉर्नाबाईंना बर्फाचा तो हिवाळा आठवला. माझं विसरणं आपणच बंद केलं होतं, हे त्यांनी तिला तिथंच सांगून टाकलं. पुढे प्रुइट माफी मागायला आला, तेव्हा बाईंनी त्याला एकच विचारलं, की शोधायचा होता एक माणूस, मग सगळ्या गावाचं मन का वाचलंत? तो म्हणाला, मी वाचलं नसतं आणि दुसरा कोणी विष घेऊन बसला असता तर? माझी एक नक्कल अजून तपास खात्याच्या कपाटात आहे. ती कधी पुसणार, ते कोणी सांगत नाही.

इडिल पुन्हा आली नाही. औषध चालू आहे म्हणे. होदन मात्र काल आली.

"आता विसरतो का हा?"

"विसरतो. पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस. काहीतरी लिही, बाहेर फिरून ये, आणि स्वतः बघ."

तिनं तसं केलं. परत येऊन पाहिलं, तर काही नव्हतं. मग ती बसली, बराच वेळ बसली, आणि डोळे पुसत निघून गेली.

मित्रांनो, घराला पहारा हवा, हे मला पटतं. पण पहारेकऱ्याला चोर दाखवताना आईची उशी उसवून देऊ नका. आणि ज्याच्या हाती दुसऱ्याचं गुपित आहे, त्यानं ते जपताना हयगय करू नये.

होदन काय शोधत होती, ते मला माहीत नाही. कोणी हुकूम घेऊन आलं, तरी सांगता येणार नाही. आज त्याच खुर्चीत एक अनोळखी माणूस बसून गेला. त्यानं काय लिहिलं, तेही मला माहीत नाही.