कानाशी हात

सत्यशीलाबाईंनी भुईमुगाची शेंग दाताखाली फोडली, टरफल चालत्या गाडीतून बाहेर फेकले आणि कोठारी गावापासून लावून धरलेली तक्रार पुढे ओढली.

“तुले सांगा नाई तं भिताडाले सांगा, एकच. भिताड बरं. ते तरी मधात ‘हो हो’ नाई करत.”

“हो,” राजदीप म्हणाला.

“पाहा.”

हे त्यांनी कोणाला उद्देशून म्हटले ते सांगता येणार नाही, कारण गाडीत तिसरे कोणी नव्हते. राजदीप त्यांचा थोरला. वय चव्वेचाळीस, मिशीत पांढरे केस, सोळा वर्षे कोळशाच्या उघड्या खाणीत डंपरवर. पण त्यांच्या लेखी तो अजून कान पिळण्याच्याच वयाचा होता. दुसरीची परीक्षा न देता शाळा सुटलेल्या सत्यशीलाबाईंनी सगळा संसार जिभेवर चालवला होता. तीन लेकरांची लग्ने त्यांनी जमवली, एका दिराची दारू त्यांनी सोडवली. बल्लारपूरच्या त्यांच्या गल्लीत लोक त्यांच्या दारावरून जाताना सायकलची घंटीसुद्धा जपून वाजवत.

आणि अशा बाईचे तिच्याच घरात एक माणूस ऐकत नव्हता. गेल्या पावसाळ्यापासून हे सुरू झाले. आधी हाच राजदीप जेवण झाल्यावर पाट सरकवून म्हणायचा, माय, बाबाची एखादी गोष्ट सांग. आता निम्म्या बोलण्याला उत्तर नाही आणि उरलेल्याला ‘हो’. सून संघप्रिया म्हणाली, फोन पाहत राहतात. म्हणून आज निघताना टपरीवर तो फोनमध्ये डोके घालून बसलेला दिसताच त्यांनी फोन हातातून काढून घेतला, त्याच्याकडूनच बंद करवला आणि आपल्या कमरेच्या पिशवीत टाकून नाडी आवळली.

“आलापल्लीपर्यंत मी बोलन अन् तू आयकजो,” त्या म्हणाल्या होत्या.

दर वर्षी मोहाची फुले टपकायला लागली की त्या आलापल्लीकडे बुधरीच्या घरी चार दिवस जात. बुधरी त्यांची कूपातली मैत्रीण. जंगलखाते दर वर्षी तोडीसाठी जंगलाचा जो तुकडा आखून देई, तो कूप. लग्नानंतरची सात वर्षे सत्यशीलाबाईंनी असल्या कूपांतच काढली. नवरा गुलाब तिथे मुकादम होता. सागाच्या पानांनी शाकारलेल्या झोपड्या, तीन दगडांच्या चुली, आणि पहाटे पहाटे दोघे-दोघे मिळून ओढायच्या लांब करवतीचा तो आवाज. खर्र... खर्र. त्या आवाजावर भाकरी थापल्या जात. करवत थांबली की भाकरीही थांबायची, कारण थांबली म्हणजे झाड आता जाणार.

हा रस्ता लागला की त्यांना सगळे आठवायचे. तेव्हा तो लाल मातीचा होता आणि बैलगाडीला दोन मुक्काम लागत. आता खनिजाचे ट्रक एकामागे एक धावत होते आणि दोन्हीकडच्या पळसावर फुले कमी, धूळ जास्त होती.

“हा पाहा हा नाला. याच नाल्यात आमची गाडी फसली. तू तेव्हा माह्या पोटात होता. तुहा बाप बैलासंगं बोले. बैलाले म्हने, बापा, आतमधी दोन जीव हायेत, जरा दम लाव. अन् मले काई नाई म्हने. मी म्हटलं, बैलाशी एवढं गोड बोलते, माह्याशी का दात दुखते का? तं करवतीवाला लच्छू अन् बुधरी हासून हासून खाली बसले.”

बोलता बोलता त्यांनी मुलाकडे पाहिले. स्टेअरिंग उजव्या हातात होते. डावा हात वर गेला होता आणि डाव्या कानाशी आला होता. त्यांच्याकडच्या कानाशी.

त्या थांबल्या. थोड्या वेळाने हात खाली आला.

सत्यशीलाबाईंनी एक शेंग फोडली, खाल्ली नाही. मग परीक्षा पाहावी तशी पुन्हा सुरुवात केली. “बुधरीनं मंग काय केलं...” आणि हात पुन्हा वर गेला.

म्हणजे कान झाकत होता. आईचे बोलणे नको म्हणून कान झाकत होता. नवरा गेल्याला नऊ वर्षे झाली, तेव्हासुद्धा लोकांदेखत त्यांनी डोळ्यातून पाणी काढले नव्हते. आता त्यांनी शेंगांची पुडी बांधली, पदर डोक्यावरून पुढे घेतला आणि खिडकीकडे तोंड केले. नदीच्या पुलापर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. हात मात्र अजून मधूनमधून कानाशी जाऊन येत होता. त्या गप्प का झाल्या, हे शोधत असल्यासारखा.

पुलाच्या अलीकडे शिट्टी वाजली. दोन पोलीस रस्त्यात उभे होते. एक ट्रकवाल्याशी वाद घालत होता. दुसरा, पंचविशीतला, छातीवर ‘मडावी’ अशी पट्टी असलेला, राजदीपच्या खिडकीशी आला.

“लायसन काढा. फोनवर बोलत गाडी चालवून राह्यले ना?”

राजदीपने त्याच्याकडे पाहिले. मग समोर. मग म्हणाला, “चुकलं साहेब. फाडा चालान.”

सत्यशीलाबाईंनी पदर मागे सारला.

“काऊन खोटं बोलून राह्यला?”

“माय, तू थांब.”

“काऊन थांबू? पोरा, इकडे ये. या बाजूनं ये. फोन हा पाहा. बल्लारपूरपासून माह्या कमरेले हाय. बंद हाय. काई केलं नाई अन् चुकलं म्हनते. याच्या बापानं जंगलसाहेबासमोर कधी मान खाली घातली नाई, अन् हा...”

मडावी गाडीला वळसा घालून त्यांच्या खिडकीशी आला. त्याने फोन हातात घेतला, बटण दाबून पाहिले. काळा पडदा काळाच राहिला. त्याने वाकून, त्यांच्या डोक्यावरून राजदीपला विचारले, “मग कानाशी काय धरलं होतं?”

शेजारून एक भरलेला ट्रक गेला. गाडी हलली.

 राजदीप पोलिसाच्या ओठांकडे पाहत होता. लहान मूल पाटीवरचे अक्षर लावते तसे, एकेक. आणि त्याचा डावा हात आपोआप वर येऊ लागला. अर्ध्यात त्याच्या ते लक्षात आले. त्याने हात खाली आणून गिअरवर ठेवला.

तेवढा अर्धा हात सत्यशीलाबाईंनी हातभर अंतरावरून पाहिला. तळवा खोलगट होता. बोटे एकमेकांना चिकटलेली, पुढे वळलेली, ओंजळीत पाणी धरावे तशी. कान झाकणारा हात असा नसतो.

“कानाशी काय होतं, म्हटलं?” मडावीने पुन्हा विचारले.

“हो साहेब,” राजदीप म्हणाला.

मडावीने फोन परत दिला नाही. त्याची नजर आरशाला टांगलेल्या खाणीच्या ओळखपत्रावर गेली. ते त्याने वाचले आणि या वेळी सत्यशीलाबाईंना हळू आवाजात विचारले, “आजी, यांना बरोबर ऐकू येते ना? डंपर चालवतात, असं लिहिलं हाय.”

सत्यशीलाबाईंनी त्या ओळखपत्राकडे पाहिले.

मागच्या वर्षी खाणीच्या तपासणीत गल्लीतला दसरू कानात नापास झाला. डंपरवरून काढून त्याला गेटवर वही घेऊन बसवले. त्या संध्याकाळी अंगणात सत्यशीलाबाईंनी त्याची नक्कल केली होती. म्हणाल्या होत्या, आता चोर शिव्या देत आत शिरला तरी दसरू त्याले म्हनल, या, बसा. सगळी गल्ली हसली होती. राजदीप ताटावर मान घालून जेवत होता. तो हसला होता की नाही हे त्यांना आता आठवेना. आठवले ते एवढेच की त्याने त्या दिवशी दुसरी भाकरी मागितली नव्हती.

यंदाची तपासणी सोमवारी होती. पोलिसाने ‘ऐकू येत नाही’ असे कागदावर लिहिले, की ती आजच होणार होती, या पुलाजवळ, अनोळखी माणसासमोर, मायने स्वतःच्या हाताने फोन काढून दिल्यामुळे.

“पोरा,” त्या म्हणाल्या, “तू कुठचा?”

“एटापल्लीकडचा, आजी.”

“मंग तुह्या घरचं कोनी कूपात होतं?”

“आजा होता.”

“तं तुले सांगावं लागते, हेच नवल हाय. सागवान कापून झालं का पडाच्या आधी कुरकुरते. कोन्या बाजूनं कुरकुरते ते समजलं नाई तं मानूस खाली जाते. मुकादम हात वर करे. समदे करवती सोडत, अन् कानामागं हात असा लावून उभे राहत. असा.” त्यांनी आपला हाडकुळा, हिरव्या बांगड्यांच्या जागी आता एकच पितळी कडे असलेला हात कानामागे वळवला. “पन्नास मानसं. लेकरू रडे नाई, कुत्रं भुके नाई. माह्या नवऱ्यानं त्या हातानं किती मानसं वाचवले त्याची मोजदाद नाई. लच्छूले त्यानंच ओढलं, इतभर राहिलं होतं.”

मडावी ऐकत होता. दुसऱ्या पोलिसाने त्याला हाक मारली, तिकडे त्याने नुसता हात हलवला.

“या रस्त्याले लागलो का आमच्या घरचे कानाशी हात नेतात. त्याच्या नावानं. कोनी हात जोडते, आम्ही हे करतो. याले लाज वाटली सांगाची. म्हनून फोन होता म्हनला.”

पन्नास माणसे खरी होती. करवती खऱ्या होत्या, लच्छू खरा होता. या रस्त्यावर कानाशी हात न्यायची रीत मात्र त्यांच्या घरात आत्ता, या घटकेला सुरू झाली होती. वर्दीसमोर त्या आयुष्यात पहिल्यांदा खोटे बोलल्या, आणि बोलताना त्यांचा हात कानामागेच राहिला होता. नदीवरून येणारा वारा त्या पोकळीत घुमत होता. किती दिवसांनी असे ऐकले. गुलाब उन्हात उभा असायचा, डोळे मिटून, मान किंचित कलती. आणि चुलीपाशी बसून त्या त्याच्याकडे पाहत राहायच्या. त्या क्षणी सगळ्या जंगलात त्याच्याएवढा देखणा माणूस नसायचा.

मडावीने ओळखपत्राकडे एकदा पाहिले, राजदीपकडे एकदा. त्याने गोष्ट मानली की नाही ते त्याच्या चेहऱ्यावरून कळले नाही. फोन त्याने सत्यशीलाबाईंच्या ओंजळीत ठेवला.

“माझा आजाबी घरी असाच उभा राह्यचा,” तो म्हणाला. “झाड नाई, काई नाई, तरी.” मग गाडीला वळसा घालून तो राजदीपच्या उजव्या खिडकीशी गेला आणि स्वच्छ, सावकाश म्हणाला, “दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवा दादा. आरशात पाहत जा.”

गाडी पूल ओलांडून गेली.  राजदीपची मान समोर ताठ होती आणि दोन्ही हात स्टेअरिंगवर होते. पलीकडे जंगल दाट व्हायला लागले. एका मोहाखाली दोन बाया वाकून फुले वेचत होत्या. तिथे सत्यशीलाबाईंनी त्याच्या दंडावर दोन बोटे ठेवली. त्याने गाडी बाजूला घेतली.

“माय, मी सांगणार होतो...”

त्यांनी ऐकून घेतले नाही. दार उघडून त्या खाली उतरल्या. गुडघा धरून, बॉनेटचा आधार घेत, तापलेल्या पत्र्यावरून हात सरकवत त्या पलीकडे गेल्या आणि राजदीपच्या खिडकीशी, त्याच्या उजव्या कानाशी, पोलीस उभा होता तशा उभ्या राहिल्या. फुले वेचणाऱ्या बाया वर पाहायला लागल्या. सत्यशीलाबाईंनी एक नजर टाकताच बाया पुन्हा वाकल्या.

“बहिरा झाला म्हनून मी तुले काई म्हनत नाई,” सत्यशीलाबाई म्हणाल्या. “माह्या तोंडाले भेऊन लपवलं, हे तुहं चुकलं. अन् आयकू येत नाई तरी डंपर चालवून राह्यला, हे त्याहून चुकलं. तिथी खाली मानसं उभे राह्यते. सोमवारी डाक्तरनं इचारलं का आयकू येते का, तं नाई येत, म्हनजो. गेटवर बसवलं तं दसरूजवळ बस. कोनी हासलं तं त्याले माह्याकडे पाठव. गोष्टी मी मोठ्यानं सांगन.”