मुंगीच्या चालीची फियाट

जयंतीच्या मिरवणुकीत गाडी पळवायची नसते, मुंगीच्या चालीनं न्यायची असते. अन लिंबाजी आबांची पांढरी फियाट नेमकी तिथंच नाक मुरडायची. पोखर्णीच्या रस्त्याला लागली की अशी निघायची, की मोटारसायकलवाले वळून वळून बघायचे. पण ढोलाच्या मागं हळू चालवा, की खोकली, गचके खाल्ले अन पडली बंद! मागच्या वर्षी विहाराच्या चढावर ती अशी काही रुसली, की टपावरची बाबासाहेबांची तसबीर उतरवून पप्पूदादाच्या ट्रॅक्टरवर ठेवावी लागली. मिरवणूक दोन्ही अंगांनी पुढं निघून गेली, अन आबा स्टेअरिंग धरून एकटेच मधोमध बसून राहिले.

ते काही त्यांच्या नातीच्या, धम्मशीलाच्या, डोळ्यापुढून हलेना. म्हणून यंदा दहावीचा शेवटचा पेपर देऊन आली, दप्तर बाजेवर फेकलं, अन थेट बॉनेटात डोकं घातलं. मोबाईलवर व्हिडिओ बघायचे, आबांना विचारायचं, पेचकस फिरवायचा, चुकायचं, परत बघायचं. घरचे म्हणाले, पोरीला वारं लागलं. लागू द्या! कार्बोरेटर म्हणजे काय, हे आता तिला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. पेट्रोल अन हवा मापात कालवून इंजिनाला भरवणारं भांडं. पेट्रोल जास्त झालं की इंजिन गुदमरतं, हवा जास्त झाली की उपाशी पडतं. कालवणासारखंच की! मीठ हातानं पडतं, पण कळतं जिभेला. इथं जिभेच्या जागी कान.

जयंतीच्या सकाळी महिला मंडळाच्या सुलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मिरवणूक त्यांच्या शब्दावर हलायची.

"लिंबाजी भाऊ, राग मानू नका, पण तसबीर यंदा मी परत मधीच उतरवू देणार न्हाई. दुपारी येते. गाडी जागेवर उभी करून चालू ठेवा. नीट चालली तर मान तुमचा. न्हाईतर ट्रॅक्टर हायच."

आबांनी तोंड उघडायच्या आत धम्मशीलाच बोलली, "या तुमी, आजी. आमी तयार हाव!"

सुलाबाई गेल्या अन हिनं एअर फिल्टरचं झाकण काढून बाजूला ठेवलं, म्हणजे कार्बोरेटरच्या, पेट्रोलचं माप ठरवणाऱ्या स्क्रूपर्यंत हात नीट जाईल. इंजिन चालू केलं. पाण्यानं भरलेला स्टीलचा गिलास इंजिनाच्या कडेला, पत्र्यावर ठेवला. स्क्रू हळूहळू आत घेतला, तसं इंजिन अडखळलं अन गिलासातलं पाणी उड्या मारायला लागलं. बाहेर घेतला, तसा आवाज भरून आला. आणखी बाहेर घेतला, तर परत फडफडलं. मग तिनं डोळे मिटले अन दोन्हीच्या मधली ती एक जागा शोधली, जिथं इंजिन मांजरासारखं घुरघुरतं. डोळे उघडले. पाण्यावर नुसता शहारा!

"आबा, बघा! बघा की!"

आबांनी गिलासाकडं बघितलं, मग नातीकडं. "जा, आंघोळ करून ये. झाकण मी लावतो. हात बघ कसे झालेत, वडाराच्या पोरावानी."

"आबा!"

"बरं बरं, मिस्त्रीवानी."

दुपारी पांढरा ड्रेस अन निळी ओढणी घालून धम्मशीला ऐटीत बाहेर आली. सुलाबाई कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसून गाडीच्या मागं उभ्या होत्या. आबांनी चावी फिरवली. गाडी खोकली, गुदमरली, अन मागच्या नळीतून असा काळाकुट्ट धूर सोडला, की सुलाबाईंच्या साडीवर काजळीची नक्षीच उमटली.

मग ट्रॅक्टरवर बसलेला पप्पूदादा, धम्मशीलाचा चुलतभाऊ, खदाखदा हसला. "धम्मे, गाडी दुरुस्त केली का चूल पेटवली गं? भाकरी थापू का?"

"तू गप! तुला भाकरीतलं तरी काय कळतंय?" ती ओरडली खरी, पण तिचं तोंड उतरलं होतं.

सुलाबाईंनी पदर झटकला. "पप्प्या, ट्रॅक्टर पूस."

"आजी, हार गुंफून होऊ द्या," धम्मशीला आडवी आली. "तेवढा वेळ द्या. मग तुमी म्हणाल तसं."

सुलाबाईंनी साडीकडं बघितलं, पोरीकडं बघितलं. "शेवटचा हार टपावर चढायच्या आत. समजलं?"

धम्मशीलानं ओढणी कमरेला खोचली अन इंजिनाचा स्पार्क प्लग काढला. टोक काळंभोर. म्हणजे पेट्रोल जास्त. पण स्क्रूला तर सकाळपासून कुणी हात लावला नव्हता! तिनं कपाळावर हात मारला, तिथंही काजळी लागली. पेट्रोल वाढलं नसेल, तर हवा कमी झाली असणार. अन हवा येते कुठून?

तिनं फिल्टरचं झाकण उघडलं. आत फिल्टरभोवती जुन्या धोतराचं फडकं, दुहेरी घडी घालून, सुतळीनं गच्च आवळलेलं.

"आबा, हे काय?"

"फडकं हाय," आबा सहज म्हणाले. "येलदरी धरणावर नोकरीला होतो तवापासून बांधतो. मागचं फाटलं म्हणून तुझ्या परीक्षेतच काढून टाकलं होतं, आज तू आंघोळीला गेल्यावर नवं बांधलं. धूळ जाऊ ने बिचारीच्या पोटात."

आता हसावं का रडावं? मागच्या वर्षीच्या रुसव्याचं कारणही तिला तिथल्या तिथं उमगलं.

"आबा, नाकातोंडाला उपरणं दुहेरी बांधा, अन त्या गच्चीच्या पायऱ्या चढून या बरं."

"मला?"

"तुमालाच."

आबा हट्टी, नात त्यांच्याहून हट्टी. त्यांनी उपरणं बांधलं, अर्ध्या पायऱ्या चढले, अन फूं फूं करत खाली आले. उपरणं सोडून त्यांनी मोठा श्वास घेतला, गाडीकडं बघितलं, अन सुतळी स्वतःच्या हातानं सोडली.

"इतकी वर्षं मीच गळा आवळला व्हय तिचा?"

"तुमी मायेनं आवळला. चूक माझीबी हाय. मी झाकण काढून माप लावलं. गाडी काय झाकण काढून मिरवणार हाय?"

या वेळी तिनं झाकण बसवूनच इंजिन चालू केलं. हात वाकडा करून, बोटं भाजून घेत, पेचकस खालून स्क्रूपर्यंत नेला. आत. अडखळली. बाहेर. फडफडली. थोडं आत. अगदी केसभर. गिलासातलं पाणी शांत झालं.

पप्पूदादा ट्रॅक्टर पुसता पुसता थांबला.

सुलाबाई या वेळी शहाण्यासारख्या बाजूला उभ्या राहिल्या. नळीपुढं नुसता हात धरला. तळवा उलटसुलट करून बघितला. स्वच्छ.

"चढवा तसबीर," त्या म्हणाल्या.

मिरवणूक निघाली. पुढं लेझीम, मग फियाट, टपावर हारांनी सजलेली तसबीर, स्टेअरिंगवर आबा, बॉनेटच्या शेजारून चालणारी धम्मशीला. मागं पप्पूदादाचा ट्रॅक्टर, दोर घेऊन तयार! प्रत्येक दारापुढं थांबायचं, मेणबत्त्या, फुलं, फोटो, मग पुढच्या दारापुढं. गाडी घुरघुरत उभी राहायची, हळूच सरकायची, परत उभी राहायची.

विहाराचा चढ आला, अन नेमका तिथंच डीजे सुरू झाला. असा दणका, की धम्मशीलाला स्वतःचं ओरडणं ऐकू येईना, मग इंजिन कुठलं! कानच गेले. तिनं पटकन बॉनेटवर तळहात टेकला. पत्रा तापलेला होता, तरी तिनं हात उचलला नाही. हाताखाली बारीक, एकसारखी थरथर होती. पुढची पोरं नाचायला थांबली. गाडी ऐन चढावर थांबली. आबांनी काचेतून तिच्याकडं बघितलं. थरथर चालूच होती. तिनं दुसरा हात वर करून खूण केली: या! आबांनी क्लच सोडला, अन फियाट कुणाच्या मिनतवाऱ्या न करता, धूर न सोडता, चढ चढून विहाराच्या दारात जाऊन उभी राहिली.

पप्पूदादानं दोर ट्रॉलीत फेकून दिला. "हरलो बाबा! धम्मे, उद्यापासून माझा ट्रॅक्टरबी बघ."

"आधी त्या ट्रॅक्टरला आंघोळ घाल," ती म्हणाली.

तेवढ्यात डीजे थांबला, अन एकदम शांत झालं. गाडीचाही आवाज येईना. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "झाली का बंद? पडली का परत?"

धम्मशीला बंपरवर चढली. कपाळाला काजळी, ओढणी कमरेला, बोटं भाजलेली. सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडली,

"पडली न्हाई! आबांनी बंद केली!"