चौदा बायकांची मतं

१९८३ साल. लातूर जिल्हा होऊन वर्ष झालं होतं, तरी आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून 'उस्मानाबाद जिल्हा' हेच यायचं. आमचं गाव शिरूर अनंतपाळपासून चार मैलांवर. शिरूरही तेव्हा तालुका नव्हतं, निलंग्यात मोडायचं. पण जिल्हा जवळ आला म्हणजे सरकार जवळ आलं, आता नुसतं मागायचा अवकाश, असं गावात प्रत्येकाला वाटत होतं.

मी या गावात सून म्हणून आले ती बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी. माझे सासरे गुरुपादप्पा गावचे सरपंच. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणायचं, मी मामा म्हणायचे. गावाला पिण्याच्या पाण्याची एकच विहीर होती. तिच्या पाण्यात शिजायची तशी तुरीची डाळ मी पुढे कुठंच खाल्ली नाही. दर अमावस्येला सकाळी मामा त्या विहिरीत दोरी सोडत. दोरीला खाली दगड बांधलेला आणि हाताहाताच्या अंतरावर गाठी. दोरी वर ओढून ओल्या गाठी मोजायच्या. सातापेक्षा कमी भरल्या की विहिरीच्या लोखंडी जाळीला कुलूप लागायचं, मग होळी असो की पाडवा. सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर जाळी उघडायची. माणशी एक घागर, जनावरामागं दोन. विहिरीवर मोटार बसवायची नाही, आसपास बोअर पाडायचा नाही. आणि खालच्या गल्लीतल्या मातंगांच्या आणि बौद्धांच्या घरांनाही त्याच विहिरीचं, त्याच मापानं पाणी. हा शेवटचा नियम मामांनी बहात्तर साली घातला होता. वरच्या गल्लीतल्या बऱ्याच जणांच्या पोटात तो अकरा वर्षं दुखत होता.

रांगेत थट्टा चालायची. शेजारची जगदेवी म्हणायची, "अप्पाच्या घरी पाव्हणा आला की आधी रामराम न्हाई, आधी घागर किती आणली इचारतेत."

त्या वर्षीच्या मे महिन्यात माझी धाकटी लेक वीस दिवसांची होती. धुणं संपत नव्हतं, अंगाचा वास मलाच सहन होईना. मी रांगेत उभी राहिले, आणि माझ्या वतीनं जगदेवीनंच तोंड उघडलं.

"अप्पा, बाळंतीण हाय ती. एक घागर जास्तीची द्या की."

मामांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. "तिच्या चुलीवर मला धरून पाच तोंडं हायत. वीस दिवसांच्या पोरीचीबी घागर धरलीय मी. घरच्या सुनेला सहावी दिली तर उद्या कुलूप लावायला तोंड राहील काय मला?"

मागून कुणीतरी म्हणालं, "पोरगी अजून दूध पीती, तिची घागर मला द्या!" सगळी रांग हसली. पाणी न मिळाल्याचं मला फार वाटलं नाही. त्या हसण्याचं वाटलं. वीस दिवसांच्या पोरीला त्यांनी पूर्ण माणूस म्हणून मोजलं होतं, हे कळायला मला पुढे तीन वर्षं लागली.

त्याच वर्षी दिवाळीनंतर ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. आमच्या वॉर्डात मामांच्या विरोधात माणिकप्पा उभा राहिला, त्याची निशाणी छत्री. जातीनं आमच्यातलाच, लिंगायत. निलंग्याला मोटार-पंपाचं दुकान, फिरायला जीप, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्यानं घरचं काम विसरावं. मारुतीच्या पारावर उभं राहून तो म्हणाला, "गळ्यात शिवाचं लिंग, अन् कमरेला पाण्याचं कुलूप! अरे, शिवाच्या जटेतून गंगा वाहती, तिला कुणी कुलूप लावलं काय? नवा जिल्हा झाला, नवं सरकार दारात आलं, अन् आमच्या आयाबहिणी अजून रांगेत! मला निवडून द्या. घराघरात तोटी देतो. चोवीस तास पाणी. अन् मोजायचं न्हाई कुणी!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी पदराखाली वाजवल्या.

मतदानाच्या आदल्या दिवशी जगदेवी आणि गल्लीतल्या बायका आमच्या परसात आल्या. मला धरून चौदा जणी होतो. जगदेवी म्हणाली, "शरणम्मा, तूच सांग बाई. तुझा सासरा हाय. तू म्हणशील तिथं आम्ही शिक्का मारू."

मी डाळ निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "तोटी कोण देणार हाय? छत्रीवाला नव्हं? मग छत्रीवरच मारा."

एक म्हातारी हळूच म्हणाली, "अगं, घरातच चूड लावलीस की." पण ती हसत होती.

मामा नऊ मतांनी पडले. माणिकप्पाचं पॅनल आलं आणि तो सरपंच झाला. मिरवणुकीत त्यानं घणाचा एक घाव घालून विहिरीचं कुलूप फोडलं, जाळी उखडून काढली. ती जाळी पुढे त्याच्या गोठ्याला दार म्हणून लागली. मामा ओट्यावर बसून सगळं ऐकत होते. माझे मालक रेवणप्पा त्यांच्या शेजारी होते. मी चहा घेऊन गेले, तेव्हा मामा म्हणाले, "वरच्या गल्लीनं मला सोडलं न्हाई. काल माणिकप्पाची जीप खालच्या गल्लीत उभी व्हती. ज्यांना पाणी पाजलं त्यांनीच पाडलं." मग कपाला हात लावत म्हणाले, "असू दे. घरची मतं तरी पडली."

मी कप ठेवून आत गेले.

माणिकप्पानं शब्द पाळला, हे मला लिहिलंच पाहिजे. सहा महिन्यांत विहिरीभोवती तीन बोअर पडले, विहिरीत मोटार बसली, उंच टाकी उभी राहिली, घराघरात तोटी आली. अंगणात तोटी सोडून आम्ही पोरींना अंघोळी घातल्या. जगदेवीनं दारात मोगरा लावला. ज्यांची शेतं गावाला लागून होती त्यांनी मोटारी घेतल्या, अर्थात माणिकप्पाच्याच दुकानातून, आणि तुरीच्या जागी ऊस लावला. मामा अमावस्येला दोरी घेऊन विहिरीवर जात राहिले. लोक म्हणत, "अप्पा, सोडा आता, लग्न झालेल्या पोरीची नाडी कशाला बघता?" ते गाठी मोजत आणि कुणालाही न सांगता परत येत. दोन वर्षं मी इतकी सुखात होते की माझ्या हातून काही चुकलं असं मला एकदाही वाटलं नाही.

पंच्याऐंशी साली मृग कोरडा गेला. हस्तही गेला. संक्रांतीला पहिला बोअर नुसती हवा सोडायला लागला, शिवरात्रीपर्यंत तिन्ही. विहिरीत एक गाठही ओली होईना.

माणिकप्पा लातूरला चकरा मारायचा आणि येऊन पारावर सांगायचा, "नव्या जिल्ह्याची काय चूक न्हाई. आपल्या गावच्या फायली अजून उस्मानाबादेतच अडकल्यात. तिथल्या लोकांना लातूरचं बरं बघवत न्हाई." पहिल्या वेळी लोकांनी टाळ्या वाजवल्या, दुसऱ्या वेळीही. तिसऱ्या वेळी एक म्हातारा म्हणाला, "सरपंच, फाईल प्यायची असती काय वो?" त्यानंतर माणिकप्पा निलंग्यालाच राहायला लागला.

मार्चपासून दोन दिवसाआड टँकर येऊ लागला. तो विहिरीत पाणी ओतायचा आणि दोर-पोहरे घेऊन सगळं गाव कठड्यावर तुटून पडायचं. विहिरीवर जाळी नव्हती. एका दुपारी त्या रेटारेटीत जगदेवी आत गेली. लिंबाजीनं दोराला धरून उतरून तिला वर आणलं. हा लिंबाजी खालच्या गल्लीचा. दरवर्षी विहिरीतला गाळ तोच काढायचा, तिचा दगड न् दगड त्याला माहीत. जगदेवी जगली, पण मांडीचं हाड असं मोडलं होतं की पाय पुन्हा सरळ झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव आमच्या ओट्यासमोर आलं. तेच लोक. "अप्पा, चुकलं आमचं. पुन्हा कुलूप लावा."

मामा म्हणाले, "कुलूप लावायला पाणी लागतं."

मग त्यांनी पायताण घातलं. "टँकरची रांग मी लावतो. माणशी अर्धी घागर. पण खालची गल्ली शेवटी. उरलं तर त्यांचं."

लिंबाजी तिथंच उभा होता. "अप्पा, आमच्या गल्लीची सगळी मतं तुम्हालाच व्हती. जीप आली व्हती, खरं हाय. आम्ही परत पाठवली."

"मग नऊ मतं कुठली रं?"

लिंबाजीला उत्तर माहीत नव्हतं. पण जगदेवी सोडून तिथं उभ्या असलेल्या बारा बायकांना माहीत होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि खाली पाहिलं. मी उंबऱ्याच्या आत वळले.

घरात आल्यावर मी मालकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "गप ऱ्हा. घरची मतं पडली एवढ्याच एका गोष्टीवर म्हातारा उभा हाय. ती काढलीस तर आठ दिवसात जाईल."

मी गप्प राहिले. त्यांच्या जिवासाठी, असं स्वतःला समजावलं. खरं तर मला रांगेतल्या त्या हसण्याची भीती वाटत होती.

एकोणीस दिवस मामांनी रांग लावली. भांडण नाही, धक्का नाही. वरच्या गल्लीला अर्धी घागर पुरत होती, खालच्या गल्लीपर्यंत टँकर पोचत नव्हता. त्या बायका घरणी नदीच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून झिऱ्यातलं पाणी वाटीनं भरायच्या. त्याच झिऱ्यावर जनावरं यायची. लिंबाजीची बायको नागुबाई माझ्या धाकटीच्या वेळी माझं बाळंतपण करायला होती. एक दिवस ती आमच्या परसापाशी थांबली, रिकामी घागर काखेत. "शरणक्का, अप्पाला सांगा की एवढं. आम्ही न्हाई पाडलं त्यांना. तुमचं ऐकतेल ते."

"सांगते," मी म्हणाले.

चार दिवसांनी तिला जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. शिरूरला न्यायला बैलगाडी जुंपली, ती वेशीवरून परत फिरली.

माती देऊन लोक परतले तेव्हा मामा लिंबाजीच्या दारात गेले. मीही मागं गेले. लिंबाजी भिंतीला टेकून बसला होता. तो एवढंच म्हणाला, "अप्पा, आता तरी खरं माना."

मामा काही बोलणार तेवढ्यात मी बोलले. पदर खाली आलेला सावरला नाही.

"मामा, यांनी न्हाई पाडलं तुम्हाला. मी पाडलं. आपल्या गल्लीच्या चौदा बायका माझ्या सांगण्यावरून छत्रीवर शिक्का मारून आल्या. त्या घागरीच्या रागानं. अन् हे एकोणीस दिवस मला ठाऊक होतं."

खालच्या गल्लीतलं झाडून सगळं माणूस तिथं होतं. कुणी हसलं नाही. मामांनी दाराची चौकट धरली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग लिंबाजीकडं. अंगात जेवढा आवाज होता त्यात म्हणाले, "लिंबाजी, माझ्या हातून पाप झालं. उद्यापासून रांग तू लावायची. मी शेवटी उभा राहतो."

आणि ते उभे राहिले. मृगापर्यंत, काठी टेकत, सगळ्यात शेवटी, त्यांच्या अर्ध्या घागरीसाठी.

मामा आठ दिवसांत गेले नाहीत. पाच वर्षं जगले. पण त्या दिवसापासून त्यांनी माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. लिंगपूजेचं पाणी स्वतः भरायचे, प्यायचं वेगळ्या तांब्यात ठेवायचे. मी केलेली भाकरी खायचे, पोरींना मांडीवर घ्यायचे, मला रागाचा एक शब्द बोलले नाहीत. शेवटच्या दिवशी माझ्या थोरलीच्या हातून पाणी घेतलं.

माणिकप्पाला पुढच्या निवडणुकीत आमच्या गावानं पाडलं. पण तोवर तो जिल्हा परिषदेला उभा राहायला मोठा झाला होता. आमची विहीर न पाहिलेल्या गावांनी त्याला निवडून दिलं, दोनदा. निलंग्यातल्या त्याच्या घरासमोर मी एकदा बोअरची गाडी उभी पाहिली. म्हातारपणी तो खाटेवरच मेला, पोराबाळांत.

जगदेवी लंगडत लंगडत सत्तरीपर्यंत जगली. मला तिनं कधी दोष दिला नाही. तिच्यासमोर बसणं मात्र माझ्याच्यानं पुढे झालं नाही. माझे मालक दोन हजार सातमध्ये गेले. मी आता लातूरला लेकीकडं असते. दोन हजार सोळा साली शहराला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा चौकात घागरींच्या रांगा लागल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, "आजी, तुम्ही पुढं या." मी गेले नाही.

लिंबाजी मृगाचा पाऊस पडल्यावर गाव सोडून हदगावकडं गेला, त्याच्या बहिणीच्या गावी. कापसाच्या शेतात सालानं राहिला. पुष्कळ वर्षांनी, मी एका लग्नाहून परत येताना, तो मला लोह्याच्या बसस्टँडवर भेटला. डोळ्यानं अधू झाला होता, आवाजावरून ओळखलं मला.

"शरणक्का, विहीर कशी हाय?"

"बुजवली," मी म्हणाले. "त्यावर ग्रामपंचायतीचं ऑफिस बांधलं."

तो मान हलवत राहिला. नागुबाईचं नाव त्यानं काढलं नाही, मीही नाही. हदगावची गाडी लागली. कंडक्टरनं त्याला हाताला धरून वर घेतलं.