धक्क्यावरचे चाळीस सेकंद

'महोत्सव सर्वांसाठी' असं तुरिडने जिल्ह्याच्या कचेरीला लिहून पाठवलं आणि कचेरीने ते मंजूर केलं, तेव्हा कुठे तिला घाम फुटला. सर्वांसाठी म्हणजे नेमकं कुणाकुणासाठी, याचा विचार तिने केलाच नव्हता. स्कारवोग हे तीन हजार वस्तीचं गाव, समुद्राला चिकटलेलं, आणि तुरिड तिथल्या चित्रपट महोत्सवाची अकरा वर्षं सर्वेसर्वा. बाई कामाला वाघ, पण उत्साह असा की घोड्याआधी गाडी पळवायची.

सभागृहाच्या पायऱ्यांवर प्लायवूडचा उतार झाला. तो इतका खडा निघाला की चाकाच्या खुर्चीतलं माणूस वर चढण्याऐवजी मागे थेट बंदरात जायचं. मग खुर्ची ढकलायला दोन धडधाकट बाप्ये तिथे उभे करायचं ठरलं. ब्रेल लिपीतला कार्यक्रम छापून आणला. तो वाचणारं माणूस पंचक्रोशीत एकच, आणि ते नेमकं स्पेनला मुलीकडे गेलेलं. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी बसवलेल्या यंत्रात पहिले दोन दिवस मासेमारी बोटींचं आपसातलं बोलणं ऐकू यायचं. म्हातारे म्हणाले, हेच राहू द्या, चित्रपटापेक्षा बरं आहे.

आणि आंधळ्यांसाठी बर्गन शहराहून हेडविग आली.

हेडविगचं काम असं, की चित्रपटात बोलणं थांबलं की त्या फटीत पडद्यावर काय दिसतंय ते सांगायचं. आवाज आधी भरून ठेवायचा, तो आंधळ्या प्रेक्षकाच्या कानात वाजतो, बाकीच्यांना पत्ता नाही. पंधरा वर्षं ती हे करत होती आणि तिचा नियम एकच होता: दिसतं तेवढंच सांगायचं. माणूस दुःखी आहे असं म्हणायचं नाही. खाली बघतोय म्हणायचं. पुढचं ज्याचं त्याने समजावं.

महोत्सवाच्या आदल्या दिवशी ती कानातली यंत्रं तपासत बसली होती, तेव्हा गुनवोर आली. सत्तरीची, उंच, हातात पांढरी काठी. काठी ती वाट शोधायला कमी आणि वाटेतल्या माणसांना बाजूला सारायला जास्त वापरायची.

"बर्गनची ती तूच का? शेवटच्या दिवशीच्या चित्रपटात बोलणारी?"

"मीच."

"त्यात माझा मुलगा आहे."

हेडविगला ते ठाऊक होतं. तो माहितीपट याच गावाचा, इथल्या मासेमारीचा. तो बनवणारा एस्पेन तीन वर्षांपूर्वी इथे येऊन राहिला होता. त्याने टिपलेल्यांत जोस्टाइन होता, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात जोस्टाइनची बोट उलटली. तो सव्वीस वर्षांचा होता. गुनवोरचे डोळे गेले ते त्याच्या सात वर्षं आधी. म्हणजे आईने पोराला शेवटचं पाहिलं तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. पुढे दाढीमिशांचा बाप्या झाला तो तिच्या हातांना माहीत होता, डोळ्यांना नाही.

"किती वेळ आहे तो?" गुनवोरने विचारलं.

"चाळीस सेकंद. अगदी शेवटी. बोलत नाही काही, वर संगीत आहे. तुला हवं तर आत्ता—"

"नको." गुनवोरने काठी जमिनीवर टेकली. "गेल्या वर्षी माझी मैत्रीण बोरघिल्ड माझ्या कानात कुजबुजत होती. निम्मा वेळ 'आता बघ हं' म्हणायची आणि निम्मा वेळ स्वतःच बघत बसायची. मी सगळं ऐकते ते सगळ्यांचं झाल्यावर, उष्टं. या वेळी सगळ्यांबरोबर बघणार. त्या क्षणाला सगळं गाव त्याला बघेल आणि मीही बघेन. आता सांगू नकोस."

हेडविगने हातातलं यंत्र डब्यात ठेवलं. त्या चाळीस सेकंदांचे तिने चौदा खर्डे केले होते. घरी त्या तुकड्याशी इतके दिवस काढले होते की जोस्टाइन आपल्या ओळखीचा आहे असं तिला वाटायला लागलं होतं. ही कामातली चूक आहे हेही तिला कळत होतं.

शेवटच्या दिवशी दुपारी दोन वाजता सभागृह भरलं. उतारावरच्या दोघा बाप्यांनी तीन खुर्च्या वर चढवल्या आणि टाळ्या घेतल्या. एकशे चाळीस माणसं आत, त्यांत कानात यंत्र घातलेली तिघंच. गुनवोर, पलीकडच्या बेटावरचा एक निवृत्त शिक्षक आणि त्याची बहीण. गुनवोरने निळा विणलेला स्वेटर घातला होता, चर्चमध्ये जाताना घालायचा. शेजारी बोरघिल्ड. ही बोरघिल्ड बारशालाही रडते, म्हणून तिने घरूनच तीन रुमाल आणले होते.

हेडविग मागच्या भिंतीशी उभी राहिली, एका कानात यंत्र, एक कान सभागृहाला मोकळा. काम नीट चाललंय की नाही हे असंच कळतं. आणि नीट चाललं होतं. लोक हसले तेव्हा गुनवोरही हसली, त्यांच्या मागून नाही, त्यांच्याबरोबर. तिची पाठ ताठ होती. हेडविगला मनातून बरं वाटलं आणि स्वतःचा थोडा अभिमानही वाटला. तिथेच पाय घसरतो माणसाचा.

शेवट आला. संगीत सुरू झालं. पडद्यावर धक्का दिसला, ओला, करडा. त्यावर दोराचं एक वेटोळं पडलं होतं. एक समुद्रपक्षी येऊन बसला आणि उडाला. मागे समुद्र. माणूस कुणी नव्हता.

हेडविगच्या कानात हेडविगचाच आवाज म्हणाला, "एक तरुण धक्क्यावर उभा राहून दोर गुंडाळतो आहे. बाह्या कोपरापर्यंत वर. केस गवताच्या रंगाचे, दाढी लाल."

ती पडद्याकडे बघत राहिली. आपण खर्डा चुकीचा लावला, असं तिला आधी वाटलं. नाही. संगीत तेच होतं, त्याच सुरावर तेच वाक्य येत होतं. फक्त जोस्टाइन नव्हता. तो होता तिथे रिकामा धक्का चिकटवला होता.

"तो थांबतो. हात पँटला पुसतो. वर बघतो, सरळ आपल्याकडे. हसतो."

खाली गुनवोरने तोंडावर हात ठेवला. बोरघिल्डने घड्याळ बघितलं.

आवाज बंद करायला यंत्राच्या खोलीपर्यंत धावत जाता आलं असतं. वीस पावलं. पण बंद काय करणार? त्या अख्ख्या सभागृहात जोस्टाइन फक्त त्या आवाजात होता. हेडविगचे पाय हलले नाहीत. तिने तोंडही उघडलं नाही, आणि तिचाच आवाज कानात शांतपणे बोलत राहिला, "मान फिरवतो. दोर खाली ठेवतो. चौकटीबाहेर चालत जातो." मग दिवे लागले आणि टाळ्या झाल्या. एकशे चाळीस माणसांत जोस्टाइन दिसला तो तिघांना, आणि ती तिघंही आंधळी.

एस्पेन तिला बाहेर कोटांच्या खुंट्यांपाशी सापडला. तिशीतला, गोड चेहऱ्याचा, लोक त्याचे हात हातात घेत होते.

"जोस्टाइन कुठे गेला?" हेडविगने विचारलं.

"अरे हो, ते." त्याने कान खाजवला. "निर्मात्याच्या वकिलाने अडवलं. माणूस हयात नसेल तर घरच्यांची सही लागते. छापील कागद आहे, 'मी हे चित्रण पाहिलं आहे आणि माझी हरकत नाही.' आता ती आंधळी. पाहिलं आहे असं ती कसं लिहून देणार? वकील म्हणाला, उद्या भानगड होईल. चार दिवस उरले होते. मी धक्का टाकला. खरं सांगू, दिसतोही बरा."

"तिला विचारलंस?"

"काय विचारणार? 'बाई, तुम्हाला दिसत नाही म्हणून तुमचा मुलगा काढतोय'? मला जमलं नाही ते."

"मग मला तरी सांगायचंस."

"आवाज कुठे बदलला? एक शब्द नाही, एक सूर नाही. पडद्याखालच्या भाषांतराच्या ओळी त्याच. आवाज बदलला नाही म्हणजे तुमच्या कामाला धक्का नाही, असं आम्ही सगळ्यांनीच धरलं." त्याचा चेहरा आता उतरला होता. तो वाईट माणूस नव्हता, आणि हेडविगला तेच जड गेलं. वाईट असता तर भांडून तरी मोकळी झाली असती.

"परत घाल तो तुकडा."

"चित्रपट कुलूपबंद झालाय हेडविग, त्यात आता बदल होत नाही. परवा तो गोथेनबर्गच्या महोत्सवात लागतोय. आता माझ्याही हातात नाही."

"तिला द्यायला तरी तेवढा तुकडा?"

"विचारतो. पण सहीशिवाय तो बाहेर देता येत नाही म्हणतात." आणि पाहिल्याशिवाय सही नाही. दोघांनाही ते कळलं.

वॅफलच्या टेबलापाशी गुनवोर बसली होती, समोर तपकिरी चीज घातलेलं वॅफल, न मोडलेलं. बोरघिल्ड कॉफीच्या रांगेत होती. हेडविगने खुर्ची ओढली आणि बसायच्या आत गुनवोर म्हणाली, "तूच ना? तुझे बूट वाजतात."

"मीच."

"छान सांगितलंस. दाढी लाल होती हे मला माहीत नव्हतं." ती थोडं थांबली. "पण एक सांग. बोरघिल्ड रडली नाही."

हेडविगने कॉफीच्या रांगेकडे पाहिलं.

"तिच्या घशातला आवाज मी चाळीस वर्षं ऐकतेय. दफनाला ती माझ्यापेक्षा मोठ्याने रडली होती. पुढे जोस्टाइनबरोबर मासेमारीला जाणारी मुलं बसली होती, त्यांतल्या एकाचाही श्वास चुकला नाही. कुणी तरी खोकत होतं. तो हसला तेव्हा माझ्या मागे कुणी तरी कोटाची चेन लावली." गुनवोरने हात टेबलावर पालथे ठेवले. "तो होता का तिथे?"

दिसतं तेवढंच सांगायचं. पंधरा वर्षांचा नियम.

"नव्हता," हेडविग म्हणाली. "मी पाहिला तेव्हा होता. मग त्यांनी काढला. मला आत्ता कळलं." आणि तिने सगळं सांगितलं, कागद, सही, वकील. सांगताना तिला लाज वाटत होती, जणू तो कागद तिनेच छापला होता.

गुनवोरने टेबलावरून तळहात पुढे केला. मग म्हणाली, "कुठाय तो कागद? आणा. करते सही. पाहिलंय की मी. या गावात फक्त मीच पाहिलंय."

"आता उपयोग नाही, गुनवोर. ते म्हणतात, उशीर झाला."

"हं."

तेवढ्यात तुरिड आली, घामाघूम आणि खूश. तिच्या हातात कचेरीला पाठवायचे कागद होते. "गुनवोर, तुझ्यापासूनच सुरुवात करते. एकच प्रश्न. चित्रपट इतरांच्या बरोबरीने अनुभवता आला का? हो की नाही?"

हेडविग तोंड उघडणार तोच गुनवोरने तिच्या मनगटावर हात ठेवला. "हो लिही," ती तुरिडला म्हणाली. तुरिडने कागदावर खूण केली, गुनवोरच्या खांद्यावर थोपटलं आणि त्या निवृत्त शिक्षकाकडे धावली.

"तिचा काय दोष," गुनवोर म्हणाली. "उतार तरी बांधला."

बोरघिल्ड कॉफी घेऊन आली. तिच्याकडे तोंड करून गुनवोरने विचारलं, "जोस्टाइनची दाढी लाल होती?"

"होती की. तांब्यासारखी. का गं?"

"मला कुणी सांगितलं नाही."

"अगं, तुला माहीत असेल असंच वाटलं." बोरघिल्डने कप खाली ठेवले, आणि आता मात्र तिचा रुमाल बाहेर आला.

गुनवोर हेडविगकडे वळली. "आता हे सांग. तू म्हणालीस, हसतो. कसा? आर्ने, त्याचा बाप, तो एकाच गालात हसायचा, दुसरा गाल बंद दुकान. लहानपणी जोस्टाइन माझ्यासारखा हसायचा, सगळं तोंड भरून. मोठेपणी कुणासारखा झाला?"

हेडविगने ते हसू आठवायला सुरुवात केली आणि ते तिच्या हातून निसटायला लागलं. चौदा खर्ड्यांत तिने लिहून ठेवला होता तो एक शब्द, हसतो, कारण फट तेवढीच होती. आता डोळ्यांपुढे तो शब्दच येत होता, चेहरा नाही. तिने फोन काढून कामासाठी मिळालेला चित्रपटाचा दुवा उघडला. मुदत संपली होती. आर्नेला तिने कधी पाहिलं नव्हतं. बोरघिल्डने आर्नेला पाहिलं होतं, जोस्टाइनला जन्मापासून पाहिलं होतं, पण ते हसू नाही.

"बोरघिल्ड, तू सांग, तो—" हेडविगने सुरुवात केली.

"शेवटी शेवटी कुठे हसायचा तो," बोरघिल्ड रुमालातून म्हणाली. "निदान आमच्यासमोर."

"म्हणून तर विचारतेय," गुनवोर म्हणाली. "थांब. माझ्याकडे बघ."

तिने पाठ ताठ केली, निळ्या स्वेटरची कॉलर सारखी केली आणि हसली. म्हणजे ओठ फाकवले. ते हसणं कुणासारखंच नव्हतं. ओढूनताणून आणलेलं होतं आणि एका कडेला थरथरत होतं.

"असा?"

हेडविगने खुर्ची आणखी जवळ ओढली.

"हे नीट आलं नाही. थांब." गुनवोरने गालांवरून हात फिरवला आणि पुन्हा हसली, या वेळी दात दिसेपर्यंत. "आता बघ. असा होता का?"

"थांब," हेडविग म्हणाली, कारण दुसरं काही म्हणता येत नव्हतं. "नीट बघू दे."

आणि फोटो निघेपर्यंत माणसं धरून ठेवतात तसं हसू धरून गुनवोर बसून राहिली.