पैजेवरचं पोट

मंगळवारी सकाळी म्हापशातलं सगळं मटण उठून चालत गेलं. त्याच्या आदल्या दिवशी मुकुंद आरोंदेकरने स्वतःचं पोट पैजेवर लावलं होतं.

पैज शेजारच्या कायतानशी. दोघांच्या बाल्कन्या एकमेकींना चिकटलेल्या. खाली रस्त्यावर पताका बांधायचं काम चाललं होतं.

"कार्निव्हल म्हणजे काय, ठाऊक आहे?" कायतान म्हणाला. "मांसाला निरोप. बुधवारपासून आमचे चाळीस दिवस उपासाचे. म्हणून मंगळवारपर्यंत खाऊन घ्यायचं आणि मांसाला म्हणायचं, जा बाबा आता."

"हॅट! कार्निव्हल म्हणजे चाकांवरचं जहाज. जुन्या काळी मिरवणुकीत ओढायचे."

"कोण म्हणतो?"

"मी वाचलंय."

"लाव पैज. मी हरलो तर मिशी देतो."

मिशीसमोर काहीतरी वजनदार हवं. मुकुंदने शर्ट वर केला आणि पोटावर थाप मारली. "मी हरलो तर हे!"

त्याची बायको शैला हात पुसत बाहेर आली. "अहो, ते तुमचं आहे का पैजेवर लावायला? तीस वर्षं रांधून मी केलंय ते."

"गंमत गं."

"मी केलेलं तेवढंच एक चारचौघांना दिसतं," ती म्हणाली आणि आत गेली.

मंगळवारी आठ वाजता फ्रीजचं दार आतून उघडलं. अर्धा किलो मटण पिशवीतून बाहेर आलं आणि शैलाला म्हणालं, "बरंय, येऊ मग?"

"सावकाश जा," शैला सवयीने म्हणाली.

जिन्यात गर्दी होती. तळमजल्यावरची कोंबडी सोललेलीच चालली होती. कायतानकडची डुकराची सॉसेजेस एकमेकांना धरून रांगेने उतरत होती.

"हरलास!" कायतान बाल्कनीतून ओरडला.

तेवढ्यात पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यावरून जहाज वळलं. खाली ट्रकची आठ चाकं. ते बसस्टॉपवर थांबलं आणि मटण चढू लागलं.

"तू हरलास!" मुकुंद ओरडला.

मग कोण हरलं ते दोघांनाही कळेना. खाली उतरून त्यांनी जहाजाच्या कंडक्टरला गाठलं.

"कुणाचा अर्थ खरा?"

"दोन्ही," कंडक्टर तिकिटं मोजत म्हणाला.

"म्हणजे दोघं जिंकलो?"

"समोरच्याचं खरं ठरलं की आपण हरलो. दोघांचं खरं ठरलं, दोघं हरलात. काढा."

कायतानने मिशी पुढे केली.

"केस मांसात धरत नाहीत. तुम्ही घरी जा."

"कायतान, केस धरत नाहीत हे तुला ठाऊक होतं?" मुकुंदने विचारलं.

"जन्म गेला रे या गावात," कायतान मिशीला पीळ देत म्हणाला. घरी मात्र गेला नाही. बघायला थांबला. पाववाला थांबला, बँकेतल्या बायका पायरीवर आल्या.

कुकरचं झाकण निघावं तसा आवाज झाला आणि पोट सुटलं. रस्त्यावर उभं राहिलं, गोल, जरासं ओशाळलेलं. मुकुंदची पँट घसरायला लागली. त्याने ती दोन्ही हातांनी धरली.

जहाजाची पायरी उंच होती. पोटाने दोनदा उडी मारली, दोनदा खाली आलं. लोक हसले.

शैला पदर खोचत जिना उतरून आली. तिने पोटाला खालून हात दिला आणि वर चढवलं.

"किती दिवसांनी येते गाडी परत?" तिने कंडक्टरला विचारलं.

"जाण्याचं वेळापत्रक आहे माझ्याकडे. येण्याचं नाही."

"मग याच्या खाण्यापिण्याचं कोण बघणार?" तिने कमरेचा बटवा सोडला. "एक फुल, एक हाफ."

"शैला! अगं, आणि मी?"

शैलाने त्याच्याकडे नीट पाहिलं. कपाळाला आठ्या घालून, बराच वेळ. मग ती पोटाकडे वाकली. "कोण रे हे? कुठेतरी बघितल्यासारखं वाटतं."

कंडक्टरने घंटी मारली. आठही चाकं फिरली. खिडकीत शैला, तिच्या मांडीवर पोट. सगळा रस्ता निरोपाचा हात हलवू लागला, अगदी कायतानसुद्धा.

मुकुंदने डावा हात पँटवरून काढून वर केला. शैला त्या बाजूला बघत नव्हती. पँट गुडघ्यापर्यंत आली. बँकेतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

त्याने उजवाही वर केला.