अंधारघळीतला शेवटचा माणूस

चैत्रातली सकाळ. वर पठारावर उन्हाचा पूर आला होता, आणि खाली अंधारघळीत मात्र पाषाणाची सावली, पाषाणाचा गारवा, पाषाणाचंच मौन. दोन काळेकभिन्न कडे समोरासमोर उभे होते, आणि त्यांच्या मधोमध जेमतेम दोन बैलगाड्या जातील एवढी वाट. आषाढात इथून पाणी गर्जत, कोसळत, फेसाळत जातं. चैत्रात त्याची नुसती आठवण उरते. घासून घासून गुळगुळीत झालेली, चकाकणारी, निष्ठुर अशी.

या घळीत बावीस वर्षं दर चैत्रात बापलेक उतरत आले होते. दिगंबर शेलार, भूगोलाचे निवृत्त शिक्षक, वय सदुसष्ट. आणि त्यांची एकुलती एक लेक ऋजुता. पठारावर तंबूत एक मुक्काम, सकाळी दोराने चाळीस फुटांचा कडा, मग धोंड्यांतून खाली कोकणातल्या वाडीपर्यंत पाच तासांची पायपीट. वाटाड्या घ्यायचा नाही, असा दिगंबररावांचा बाणा होता. बाणा म्हणा, हट्ट म्हणा. दोन्हींत फरक करायला घरात कुणी धजत नसे.

दर वेळी ते शेवटी उतरत. डोंगरात शेवटच्या माणसाचं काम मोठं असतं. मागे काही राहिलं का पाहायचं, जड सॅक दोराने आधी खाली सोडायची, मग स्वतः यायचं. ऋजुता पुढे उतरून खाली थांबे, आणि बाबा पोचले की वरच्या लोखंडी कडीतून ओवलेला दुपदरी दोर एका टोकाने ओढून घेई. हे तिचं काम, ते त्यांचं. शेवटच्या माणसाचं काम त्यांनी तिला कधी शिकवलं नाही, कारण ते तिच्यावर कधी यायचंच नव्हतं.

त्या सकाळी दिगंबररावांनी तंबूपाशी बसून पोटात इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलं. समोर डबा उघडा होता. डब्यात गूळ-शेंगदाण्याचे लाडू होते. आणि नेमकी तीच वेळ साधून ऋजुता म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षी नको यायला आपण. तुम्ही कड्यावर पाय टाकता आणि माझा जीव वरखाली होतो."

शेलारांच्या घराण्यात राग बोलून दाखवायची पद्धत नाही. राग आला की ही माणसं कामाला लागतात. दिगंबररावांनी डब्याचं झाकण लावलं, डबा जड सॅकमध्ये घातला, सॅकचे पट्टे आवळले. लाडवाला हातही लावला नाही. कड्याच्या टोकाशी गेल्यावर तेवढं म्हणाले, "आता तू मोठी झालीस ना? मग तू ये शेवटी."

आणि ते आधी उतरले.

त्यांच्या मागून ऋजुता उतरली. पाठीवर तिची स्वतःची बॅग, डोळ्यांत पाणी, ओठांवर कुलूप. पाय जमिनीला टेकले आणि बावीस वर्षांची सवय असलेले हात आपण होऊन पुढे झाले. तिने दोर ओढला. दोर कडीतून सळसळत निघाला आणि तिच्या पायांशी येऊन पडला.

"काढ तो डबा," दिगंबरराव म्हणाले. अबोला मोडायची त्यांची हीच रीत होती. चूक कबूल करायची तर खायला मागायचं. त्यांचा आवाज मऊ झाला होता. ऋजुतालाही रडू फुटून हसू आलं. तिने मागे पाहिलं, मग बाबांच्या पाठीकडे पाहिलं, आणि मग वर.

वर, चाळीस फुटांवर, कड्याच्या ओठाशी निळी सॅक बसली होती.

"तू सोडली नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही…"

"मी कशी सोडणार? शेवटी कोण होतं?"

पाणी वर होतं, लाडू वर होते, पुढच्या डोहाला चैत्रात पाणी नसतं हे दोघांनाही ठाऊक होतं. ऋजुताच्या बॅगेत तंबू होता, पांघरुणं होती, आणि थंड पिशवीत जपून ठेवलेलं इन्सुलिन होतं. रक्तातली साखर उतरवणारं औषध हाताशी, आणि साखर आभाळाशी.

सावलीत बसूनही दिगंबररावांना घाम फुटला. आधी कपाळावर, मग मानेवर, मग सगळा सदरा ओलाचिंब. बोटं थरथरू लागली. "मला काही झालेलं नाही," ते खेकसले. मोबाइलला तिथे कधीच रेंज नव्हती. वाडीत जाऊन माणसं आणायची तर रात्र झाली असती. ऋजुताला ही थरथर ओळखीची होती. थरथरीनंतर भ्रम, भ्रमानंतर गुंगी. गुंगीनंतर काय, ते डॉक्टरांनी तिला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तिच्यापाशी तास नव्हता, अर्धा तासही असेल की नाही कोण जाणे.

तिने आधी घळ धुंडाळली. उंबर दिसला, फळं हिरवी, चिकाची. करवंदीच्या जाळ्या दिसल्या. नुसता पांढरा फुलोरा. गोड होईल असं खूप काही होतं तिथे, पण ते वैशाखात. चैत्रात त्या घळीत गोड असं काही नव्हतं. परत आली तेव्हा दिगंबरराव एका धोंड्याकडे बोट दाखवून शिकवत होते.

"बसा खाली. आज कोकणचं हवामान."

तेव्हा तिने दोराचं एक टोक कमरेला बांधलं आणि कातळाला हात घातला.

दोराच्या आधाराशिवाय चढणाऱ्याला डोंगरात जागा नाही, हे दिगंबररावांचं वाक्य तिने लहानपणापासून ऐकलं होतं. कमरेचा दोर तिला धरणारा नव्हता, नुसता मागून फरफटत येणारा होता. कातळात डाव्या बाजूला एक भेग होती, हातभर खोल, बोटभर रुंद. बोटं भेगेत, टाच खाचेत, गाल दगडाला. दगड गार होता, गुळगुळीत होता, आणि कुणाचाच नव्हता. एक हात वर, एक श्वास. एक पाय वर, एक श्वास. खाली न पाहता, वर न पाहता, समोरच्या वीतभर काळोख्या कातळाकडे पाहत ती चढत राहिली.

अर्ध्यावर उजवा पाय सटकला. ती दोन हातांवर लोंबली, नखं उलली, गुडघा सोलवटला. मग पायाला कुठेसा आधार लागला आणि ती तशीच उभी राहिली. रडत होती ती. मोठ्याने, लहान मुलीसारखी रडत होती.

खालून आवाज आला. वर्गातला, दरारा असलेला, चाळीस वर्षं पोरांचा थरकाप उडवणारा आवाज.

"कोण आहे ते भिंतीवर? खाली उतर. तुझ्या वडिलांना बोलावून घेईन."

"बोलवा," ऋजुता कातळाला गाल चिकटवून म्हणाली. "बोलवा, गुरुजी. लवकर बोलवा त्यांना."

"नाव सांग तुझं."

"ऋजुता. ऋजुता दिगंबर शेलार."

खाली शांतता पसरली. गुरुजी नाव आठवत असतील, असं तिला वाटलं. मग वाटलं, नाही, आठवत नाहीये. मग आणखी एक हात वर गेला, आणखी एक पाय. तिने पुन्हा नाव सांगितलं, मोठ्याने सांगितलं, घळीने ते तिला परत करून दिलं, पण गुरुजींनी हजेरी घेतली नाही. रागावणारा तो आवाज किती आधाराचा होता, हे तिला तो थांबल्यावर कळलं.

उरलेले दहा-बारा फूट ती कशी चढली ते तिला पुढे कधीच सांगता आलं नाही. वर आल्यावर सॅकला मिठी मारायलाही ती थांबली नाही. दोर कडीतून ओवला, सॅक पाठीवर टाकली, आणि उतरली. उतरली म्हणजे जवळजवळ पडलीच. तळव्यांची सालटी दोरावर राहिली.

दिगंबरराव एका कुशीवर कलंडले होते. डोळे अर्धे मिटलेले, ओठ कोरडे, हात गार. हाक मारली, ओ आली नाही. हलवलं, हलले नाहीत. पाणी पाजावं तर ते श्वासात जाईल, हे तिला ठाऊक होतं. तिने लाडू फोडला, स्वतःच्या तोंडात घातला, चावून चावून त्याचे दाणे थुंकून टाकले, आणि गुळाचा तेवढा पातळ रस बोटावर घेऊन बाबांच्या गालाच्या आतून चोळला. हिरड्यांवर चोळला. पुन्हा घेतला, पुन्हा चोळला. खूप वेळ. किती वेळ ते घळीत सांगणारं कुणी नव्हतं.

"बाबा, पुढच्या वर्षी येऊ आपण," ती म्हणत होती. "दर वर्षी येऊ. तुम्ही म्हणाल तेव्हा येऊ." गूळ ओघळत होता, हनुवटीवरून मातीत जात होता. ती तो पुसून पुन्हा आत लावत होती. चौथा लाडू. पाचवा. बोटाखाली सगळं मऊ, ढिलं, निश्चल.

मग तिच्या बोटाशी काहीतरी हललं. जीभ होती ती. क्षणभर हलली, थांबली, चाचपडली. आणि एकाएकी जबडा मिटला. दात बोटात रुतले. म्हातारे, हट्टी, कुणाचं न ऐकणारे दात, कातडीतून आत, हाडापर्यंत. कळ खांद्यापर्यंत गेली, डोळ्यांपुढे काजवे चमकले. ऋजुताने बोट सोडवलं नाही. ती बाबांच्या घामेजल्या कपाळावर कपाळ टेकून, वेदनेने वाकून, आनंदाने कळवळून पुटपुटत राहिली:

"चावा, बाबा. अजून चावा. अजून."