दोरीवरची सीडी

चूक माझी, हे आधीच सांगते. गेनबांना बोल लावू नका.

भोरमध्ये माझा संगणकाचा क्लास आहे. चौदा वर्षांपूर्वी पुण्याच्या एका संस्थेने हिर्डोशीच्या वर, सात घरांच्या वस्तीमागे, डोंगरात चार गज ठोकले आणि त्यांना तारा जोडून एक पेटी बसवली. डोंगर किती सरकला ते पेटी टिपते. पण तिची भाषा एकाच प्रोग्रामला कळते आणि तो होता एका सीडीवर. पुढे संस्थेने गाशा गुंडाळला, प्रोग्राम लिहिणारा माणूस वारला, आणि ते लोढणं माझ्या गळ्यात राहिलं.

वस्तीने मात्र ते मनावर घेतलं. दर खंडेनवमीला विळे-कोयत्यांबरोबर समाजमंदिरातल्या संगणकालाही हळदकुंकू लागे. डोंगर किती मिलिमीटर सरकला तो आकडा मी वाचे, मग गूळखोबरं वाटत. दोन, तीन, एकदा पाच. बारा झाला तर सगळ्यांनी खालच्या शाळेत जायचं, असं ठरलं होतं. आकड्याशिवाय मात्र कुणी हलायचं नाही. एकदा नुसत्या निरोपावर वस्ती खाली गेली आणि मागे रानडुकरांनी उभं भात लोळवलं, तेव्हापासूनचा हा हट्ट.

यंदा परतीचा पाऊस सहा दिवस हटला नाही. वीज पडून तिथला संगणक जळाला, त्यातला प्रोग्रामही गेला; पेटी तेवढी वाचली. लॅपटॉप घेऊन निघावं म्हटलं, तर कपाटात सीडी नाही. इंटरनेट पालथं घातलं, त्या प्रोग्रामचं नावसुद्धा कुठे उरलेलं नाही. मग आठवलं. उन्हाळ्यात क्लास आवरताना जुन्या सीड्यांची पिशवी मीच वस्तीतल्या गेनबांना दिली होती. भात ओंबीवर आलं की त्या दोरीला टांगतात. चमकल्या की पाखरं बिचकतात. तेव्हा पिशवी उघडून बघण्याचा मला कंटाळा आला होता.

सकाळच्या एसटीने गेले, पुढे दीड तास चालले. सत्तरीचे गेनबा बांधावर इरलं घेऊन उभे होते.

"बाई, अशा पावसात कशाला आलात?"

"सीडी शोधायला, गेनबामामा. आकडा काढायचाय."

दोरी वरच्या हिरड्याच्या झाडापासून खाली शेतातल्या खांबापर्यंत गेली होती. पाचवीच सीडी हवी ती निघाली. माझ्याच अक्षरात लिहिलेलं: 'हिर्डोशी. टाकू नये.' चकाकी उडाली होती, मधोमध चीर गेली होती. ती आता काहीच सांगणार नव्हती. मला स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटलं.

सोडवायला गेले तर गाठ सुटेना. दोरी ताठ होती, बोट लागताच झणझणली.

"लई आकसती बगा पावसात," गेनबा म्हणाले. "दोन दिसांत तीनदा सैल केली. वीतभर जोडली, तरी पुन्ना ताट."

मी जोड मोजले. तीन गाठी, तीन विती. सुतळी पावसात आकसते, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. पण ही निळी दोरी प्लास्टिकची होती.

"मामा, ही दोरी आकसत नाही."

ते हिरड्याकडे बघत राहिले. झाड जागच्या जागी होतं. मग खांबाकडे पाहिलं, आणि खांबाच्या पायाशी उभ्या असलेल्या स्वतःच्या भाताकडे. हिरड्याखालच्या गवतात एक काळी भेग आडवी, थेट घरांच्या मागपर्यंत पसरली होती. तिच्यात पाणी शिरत होतं आणि कुठूनच बाहेर येत नव्हतं. मला इतकी भीती कधी वाटली नव्हती.

शेताच्या वरच्या अंगाला घराच्या ओट्यावरून त्यांची बायको ठकुबाई ओरडली, "बाई आल्यात व्हय? आकडा किती आला?"

लॅपटॉप पिशवीतच होता, तो मी उघडलाही नव्हता. गेनबांनी ते पाहिलं होतं. दर खंडेनवमीला आकडा ऐकून हात जोडणारा तो माणूस. त्यांनी फुटकी सीडी दोरीवरून हिसडून काढली आणि उंच धरली.

"सोळा!" ते ओरडले. "मशीन सोळा सांगतंय. शेरडं सोडा, पोरं घ्या, बाकी कायबी घेऊ नका."

माझ्याकडे न बघता ते चढू लागले. मीही मागोमाग धावले. आम्ही ओट्यापाशी पोचतो तोच शेतात दोरी तुटली.